तेजरामभाऊंचं कार्ड आणि माझा हात

तेजरामभाऊ,

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी मनातल्या मनात तुमच्याशीच भांडत होते. कुडव्याच्या चौकात स्कूटर उभी करून मेथीच्या जुड्या चाळवत होते आणि डोक्यात तुम्हाला सुनावणं चालू होतं, की भाऊ, आता तरी तो कॉम्प्युटर बदला, भंगारवालासुद्धा त्याला हात लावणार नाही. तुमचं उत्तरही मला पाठ होतं. "म्याडम, भंगारात द्याचंच नाही, तं भंगारवाल्याची पसंती कायले पाहाची?" तेवढ्यात तुमच्या शेजारच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. मी मेथी तशीच ठेवली आणि घरी आले. खरं सांगू का, रडायच्या आधी मी रागावले. एवढं जुनं भांडण असं अर्धवट टाकून कोणी निघून जातं का?

तुमच्याबद्दल लोक जे सांगत आहेत ते सगळं खरं आहे. कोहमाऱ्याच्या चौकात थांबणाऱ्या ट्रकांच्या पाठी तुम्ही सजवल्या. रेडियमचे मोर, रेडियमचे डोळे, मालकाच्या लेकरांची नावं, सगळं तुमच्या हातचं. ते मला पुन्हा सांगायचं नाही. मला त्या काडेपेटीएवढ्या कार्ड रीडरबद्दल बोलायचं आहे. त्यात माझं एक खोटं अडकून पडलं आहे, आणि तुम्ही असताना ते काढायची मला हिंमत झाली नाही.

तुम्ही पहिल्यांदा माझ्या कॉम्प्युटर क्लासला आलात ते सौंदडहून एसटीनं, शेजारच्या सीटवर कॉम्प्युटर बसवून. त्याला गोधडीत असं गुंडाळलं होतं की कंडक्टरनं विचारलं म्हणे, पेशंटला कुठं नेता? दारात उभे राहून तुम्ही म्हणालात, "सर कुठी हायेत?"

"मीच सर," मी म्हटलं.

तुम्ही माझ्या मागे पाहिलंत, खोलीच्या कोपऱ्यात पाहिलंत, तिथं कोणी सर लपलेला नाही अशी खात्री करून घेतलीत आणि मग म्हणालात, "मंग म्याडम, तुमीच पाहा जी." त्या 'मंग'चा राग मला कितीतरी दिवस होता. पण तुमच्यावर एकट्यावर कशाला रागवायचं? क्लास माझा, पाटीवर नाव माझं, तरी येणारा प्रत्येक माणूस 'सर' शोधायचा. माझे मिस्टर धान्याच्या दुकानात बसतात आणि त्यांना माउस कोणत्या बाजूनं धरायचा तेही माहीत नाही. तरी लोक त्यांनाच विचारून माझ्याकडे यायचे.

क्लासचा माझा नियम कडक होता. चप्पल बाहेर. आणि बाहेरून आलेली फ्लॉपी असो की कार्ड, ते आधी पुसून कोरं करायचं, मगच माझ्या मशीनमधून त्यात काही भरायचं. व्हायरसचा तो काळ होता. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे बाहेरून आलेल्यानं पाय धुऊनच घरात यायचं असतं, तेच मी कॉम्प्युटरला लावलं होतं. तुम्ही हसलात. "आमी पाय धुतो जी. तुमी तं आमच्या सामानालेबी आंघोळ घालून राहिल्या."

तुमचं कापायचं मशीन, ते रेडियमच्या कागदावर ब्लेड फिरवून अक्षरं काढतं ना, ते फक्त डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या त्या काळ्या पडद्यावर चालायचं. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली. नव्या कॉम्प्युटरवर त्याचा प्रोग्राम चढतच नव्हता. त्यामुळे आपली पद्धत ठरलेली. तुम्ही मजकूर आणायचा, मी कुडव्यात बसून अक्षरं आखायची, फ्लॉपीत भरून द्यायची, तुम्ही कोहमाऱ्याला नेऊन कापायची. मग फ्लॉप्या बाजारातून गेल्या. शेवटच्या काही अशा निघाल्या की इथं भरलेलं वाटेतलं गोरेगाव येईपर्यंत अर्धं उडून जायचं. एका ट्रकला तुम्ही मोर लावायला घेतलात आणि फ्लॉपीतून मोराचं अंग आलं, पिसारा आलाच नाही. ड्रायव्हरला रायपूर गाठायचं होतं. तुम्ही शांतपणे अंग चिकटवलंत आणि म्हणालात, "पिसारा वापस येतानी लावून देतो." पंधरा दिवस तो बोडका मोर छत्तीसगडात फिरत होता. परत आल्यावर ड्रायव्हरनं सांगितलं की रस्त्यात सगळे विचारत होते, भाई, ये मुर्गी किसकी है?

त्याच सुमारास एका ट्रकमालकानं खूश होऊन तुम्हाला आपला जुना डिजिटल कॅमेरा दिला. ट्रकच्या फळीचा फोटो काढायचा, ते कार्ड माझ्याकडे आणायचं, मी फोटो उतरवून, नियमाप्रमाणे पुसून त्यातच अक्षरांची फाइल भरायची, आणि तेच कार्ड परत न्यायचं, अशी युक्ती तुम्हीच काढलीत. मला ती इतकी आवडली की मी लगेच म्हटलं, तुमच्या कॉम्प्युटरला कार्ड वाचायची डबी, कार्ड रीडर, मी लावून देते. बोलून गेले आणि फसले.

कारण रीडर लागतो यूएसबीला, आणि डॉसला यूएसबी नावाची गोष्ट माहीतच नाही. त्याच्या जन्मानंतरची ती भानगड. घरातल्या बहिऱ्या आजोबांना नव्या जावयाची ओळख करून द्यावी तशी ती ओरडून ओरडून करून द्यावी लागते. त्यासाठी दोन बारीक फाइली लागतात, त्या मी कुठून कुठून मिळवल्या, आणि सुरू होताना डॉस जी यादी वाचतो तिच्यात दोन ओळी घातल्या. त्यातली एक फाइल कुण्या जपान्यानं लिहिलेली, त्यामुळे पडद्यावर काय उमटायचं ते फक्त त्याला कळत असेल. दुसरी नुसती टिंबं टाकत बसायची. टिंब, टिंब, टिंब, आणि तिथंच गाडी बंद. तुम्ही रोज फोन करून टिंबांचा आकडा सांगायचात. "म्याडम, आज अकरा आले." दुसऱ्या दिवशी, "आज नऊच जी. तब्येत घसरून राहिली."

मी दर रविवारी कोहमाऱ्याला येऊ लागले. टिंबं संपली, तेव्हा डॉस प्रत्येक खाचेला ओळखीचं एक इंग्रजी अक्षर देतो, तर रीडर एकदम चार अक्षरं अडवून बसला, कारण त्याला खाचा चार. तुम्ही म्हणालात, "चार खोल्या बांधल्या अन् भाडेकरू एकच." मग कळलं की कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आधी कार्ड आत असलं पाहिजे, मागून घातलं तर डॉस ओळखच देत नाही. हे मात्र तुम्हाला पटकन पटलं. पंगत बसल्यावर वाढप सुरू होते, मागून येणाऱ्यानं थांबावं, यात चूक काय?

आणि आपलं खरं भांडणही तिथंच, तुमच्या दुकानातल्या बाकड्यावर. मी म्हणायचे, भाऊ, नवं मशीन घ्या, विंडोज घ्या, हे सगळं आपोआप होतं. तुम्ही काळ्या पडद्याकडे बोट करायचात. "ह्यावर जेवढं लिवलं तेवढंच होते. आपोआप काई होत नाही. आपोआप होनाऱ्या गोष्टीले भेवाचं असते जी." मी म्हणायचे, हे अडाणीपण आहे. तुम्ही माझ्यासाठी चहा मागवायचात. आता माझ्या फोनवर रोज काहीतरी आपोआप होतं, मला न विचारता, आणि मी तुम्हाला शिव्या देते. तुमचं खरं निघालं म्हणून.

एवढं करूनही काम होईना. रीडर लागला, अक्षर आलं, पण माझ्याकडून भरून नेलेलं कार्ड घातलं की डॉस इंग्रजीत म्हणायचा, असलं कार्ड मला चालत नाही. मी ओळी खाली-वर केल्या. दुसरा रीडर आणला, तिसरा आणला. तुमचं काम अडलं होतं. ट्रकवाले आता साकोलीला जाऊन लावून घेऊ लागले होते. तुमच्या घरी शांतावहिनी मला काही बोलत नव्हत्या, पण चहात साखर कमी पडू लागली होती.

मग एका रविवारी तुम्ही मोठा शोध लागल्यासारखे आलात. चप्पल बाहेर काढलीत, खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "म्याडम, मले समजलं. क्यामेऱ्यातून आलेलं कार्ड डॉसले चालते. म्या पाहून राहिलो ना चार दिवसांपासून. क्यामेऱ्यात टाकून साफ केलं, एक फोटो काढला, अन् घातलं, तं फोटोचं नाव दिसते. तुमच्याकडून आलेलं कार्ड चालत नाही."

"असं कसं? योगायोग असेल."

"योगायोग नाही जी. कोऱ्या मडक्यात पयल्या दिवशी पानी गार होत नाही, तसं हाये ते. कार्डानं आधी जग पाह्यलं पायजे. एक तरी फोटो. तुमी फक्त हात नोका लावू. जसंच्या तसं ठेवा अन् त्यातच अक्षरं टाका."

भाऊ, त्या वेळी मला काय झालं ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. एवढे महिने मी धूळ खात येत होते, आणि तुम्ही मला मडक्याची गोष्ट सांगत होतात. वर म्हणता हात लावू नका. मी ताडकन म्हटलं, "माझा हात लागला की कार्ड बाटतं का? बाईचा हात म्हणून?"

तुमचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही दोन्ही कान पकडलेत. "तसं नाही म्याडम, देवाशपथ तसं नाही." ते तुमच्या मनात नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वादात तुम्ही जिंकत होतात आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही गेलात आणि पुन्हा तो विषय कधी म्हणजे कधीच काढला नाहीत. माणसाला गप्प बसवायचं असेल तर असं बसवावं. मी शिकवणारी बाई, मला ते चांगलं जमतं.

पुढच्या खेपेला तुम्ही आलात तेव्हा लाइट गेली होती. मोरगावच्या ट्रकचं अर्जंट काम होतं. ज्या बॅटरीवर माझा कॉम्प्युटर चालू होता ती कूं कूं करत होती. मी घाईघाईनं फाइल कार्डात टाकली आणि पुसायचं राहून गेलं. दुपारी तुमचा फोन आला तो ओरडतच. "म्याडम, आला! पिसाऱ्यासकट आला!" मागे ट्रकांचे हॉर्न. आणि मग तुम्हीच म्हणालात, "गेल्या खेपेले तुमी ते लाइन बदलली होती ना, तिनंच काम केलं."

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एक अक्षर. दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर मी दोन कार्डं घेऊन बसले, एक तुमच्या पद्धतीनं केलेलं, एक माझ्या, आणि अर्ध्या तासात सगळा उलगडा झाला. कार्डावर कोणती वस्तू कुठं ठेवली त्याची एक यादी असते. ती यादी लिहायची जुनी पद्धत सोळाची, नवी बत्तीसची. तुमच्या डॉसला फक्त सोळाची वाचता येते. तुमचा जुना कॅमेरा सोळाचीच लिहायचा. आणि मी दर वेळी कार्ड धुऊन पुसून, मोठा आकडा म्हणजे चांगला आकडा, असं समजून त्यावर बत्तीसची लिहीत होते. वर्गात शिकवतही होते तसंच. म्हणजे एवढे महिने तुमच्या कार्डाला खरोखर माझ्याच हातानं खोट लागत होती. ती ओळ बदलली काय, न बदलली काय, काहीच फरक पडत नव्हता.

मी दुसऱ्याच दिवशी सांगणार होते. पण विश्वकर्मा पूजा आली. चौकातल्या गॅरेजवाल्यांनी मांडव घातला, आणि तुम्ही कोणाला तरी पटवून माझा सत्कार ठेवलात. शाल, नारळ, माइक. तुम्ही माइकवर म्हणालात, "आमच्या मशीनले म्याडमनं वाचवलं. नागपूरवाल्यायलेबी जमलं नाही." एक सरदारजी ड्रायव्हर उठून म्हणाला, "मैडम जी, आप इंजीनियर हो." भाऊ, तेवढ्या पुरुषांत त्या दिवशी एकानंही 'सर कुठं आहेत' विचारलं नाही. मी शाल घेतली. गार वारा नव्हता तरी दिवसभर अंगावर ठेवली. त्यानंतर खरं सांगायला रोज थोडा उशीर होत गेला आणि उशिराची सवय झाली.

तुम्ही तुमची पद्धत सोडली नाहीत, हे मला माहीत आहे. मी रागावेन म्हणून बोलत नव्हतात, पण माझ्याकडे यायच्या आधी फळीच्या फोटोशिवाय कार्डात आणखी एक फोटो काढूनच यायचात. कार्डानं जग पाहिलं पाहिजे ना. मी ते सगळे फोटो ठेवले आहेत. काल पुन्हा पाहिले. अर्धी बकरी. ढाब्याचं बाकडं, त्यावर कुणाचा तरी गमछा. तुमचाच अंगठा, चार वेळा. पाठमोऱ्या शांतावहिनी, फोटो काढू नका म्हणून हात हलवताना. सौंदडच्या फाटकात थांबलेल्या सायकली. भाताच्या रोवणीच्या दिवसांत कुणाचे तरी चिखलाचे पाय. एकाही फोटोत ट्रक धड नाही, तरी मला कोहमाऱ्याचा रस्ता त्या फोटोंतच जास्त दिसतो. इतकी वर्षं दर आठवड्याला कोणी मला कुठलं तरी एक दृश्य आणून दाखवलं असेल, तर ते तुम्ही. आणि मी 'फाइल टाकली' म्हणून कार्ड परत द्यायचे. एकदाही म्हटलं नाही की बकरी छान आली आहे.

आणि कधी कधी तुम्ही पाहत राहायचात, मी कार्ड पुसते का नाही ते. मी पुसत नसे. तुम्ही काही विचारलं नाहीत. तुम्हाला काय वाटत होतं ते मला आता कळायला मार्ग नाही, आणि ते मी ओढूनताणून गोड करून घेणार नाही.

परवा चौकात तुमची शोकसभा झाली. दुपारी, गॅरेजच्या पत्र्याखाली. तुमचा फोटो खुर्चीवर, त्याला हार. सगळे बोलले, मग माझं नाव पुकारलं. मी ठरवूनच गेले होते. माइक घेतला आणि सगळं सांगितलं. की मशीन मी चालू केलं नाही, तेजरामभाऊंनी केलं. कार्ड मी बिघडवत होते, ते सुधारत होते. त्यांनी मला बरोबर सांगितलं आणि मी त्यांना नको ते बोलून गप्प केलं. मग सत्कार घेतला, आणि तोंड उघडलं नाही. सोळा काय, बत्तीस काय, तेही सांगितलं.

टाळ्या वाजल्या, भाऊ. शोकसभेत टाळ्या.

अध्यक्ष उठून म्हणाले, "पाहा, मन किती मोठं हाये. एवढं ज्ञान असून सारं श्रेय गेलेल्या मानसाले देऊन राहिल्या." पंक्चरवाला डोळे पुसत होता. शांतावहिनींनी माझा हात हातात घेतला. "कायले सोताले बोल लावता म्याडम? तुमी नसत्या तं त्यायची मशीन तवाच बंद पडली असती." मी म्हटलं, "अहो वहिनी, नाही हो, मी ते बत्तीसवालं करत होते..." त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाणी मागवलं. मी पुन्हा माइक मागून घेतला. पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, अगदी क्लासमध्ये सांगते तसं, सावकाश. सगळे माना हलवत होते. मागून कोणी तरी म्हणालं, "कितनी पढ़ी-लिखी है, एक अक्षर समझ में नहीं आया."

सोळा आणि बत्तीस यांतला फरक ज्याला कळला असता, असा त्या पत्र्याखाली एकच माणूस होता आणि त्याला आम्ही हार घातला होता. तुम्ही असतात तर माझ्या दुसऱ्याच वाक्याला खुर्ची मागे सारून उठला असतात. "मंग म्या काय सांगून राहिलो होतो!" असं भर सभेत ओरडला असतात, आणि पुढची दहा वर्षं चौकात थांबणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला माझी फजिती ऐकवली असतीत. मी त्या सगळ्याची तयारी करून आले होते. माइक हातात धरून मी बराच वेळ थांबले, कोणी तरी उठून म्हणेल, म्याडम, तुमी चुकल्या.

कोणी उठलं नाही.